पाच कोटी डॉलर आणि दोन अटी

देणगीचं पत्र आलं की मी आधी अटी वाचतो, रक्कम नंतर. विश्वस्त संस्थांच्या हिशेबात बरीच वर्षं गेली की ही सवय लागते. रक्कम मोठी आणि अट ढिली असली की पैसे खर्च होतात, उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेवर जातं, पण काम पुढे सरकलंय का हे विचारायची सोय राहत नाही. याच सवयीपायी १९ सप्टेंबर २००६ ला व्हिएन्नात जाहीर झालेली एक देणगी माझ्या डोक्यात घर करून बसली आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, म्हणजे आयएईएची, पन्नासावी सर्वसाधारण परिषद चालू होती. अमेरिकेचे माजी सिनेटर सॅम नन तिथे बोलायला उभे राहिले, ते सरकारच्या वतीने नव्हे, तर न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्ह (एनटीआय) या खासगी देणग्यांवर चालणाऱ्या प्रतिष्ठानाच्या वतीने. कमी समृद्ध युरेनियमचा, म्हणजे वीजकेंद्राच्या इंधनाच्या कच्च्या मालाचा, एक साठा उभारायचा, त्याची मालकी आणि ताबा आयएईएकडे राहील, आणि त्यासाठी एनटीआय ५ कोटी डॉलर देईल, असं त्यांनी सांगितलं. या रकमेमागे गुंतवणूकदार वॉरन बफे उभे होते. अटी दोनच. सदस्य देशांनी मिळून आणखी १० कोटी डॉलर, किंवा तेवढ्या किमतीचं युरेनियम, घालायचं. आणि असा साठा उभारण्यासाठी लागणारे निर्णय आयएईएने घ्यायचे. दोन्ही गोष्टी दोन वर्षांत व्हायला हव्यात, नाहीतर देणगी रद्द.

पहिली अट पैशाची, दुसरी मनाची. पहिली अडीच वर्षांत पुरी झाली. दुसरीला सव्वाचार वर्षं लागली. या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे, ते बहुतेक या फरकात आहे.

देणारे कोण

एनटीआय सुरू झाली २००१ मध्ये. सीएनएन काढणारे टेड टर्नर आणि नन हे दोघे संस्थापक. टर्नरनी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, पण ते होतं शेअरच्या रूपात, आणि एओएल-टाइम वॉर्नरचा शेअर लवकरच आपटला. शेअरबाजारावर उभ्या असलेल्या दानाची ही जुनीच कथा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रस्टांनी ती छोट्या प्रमाणात भोगली आहे.

नन यांचं नाव आधीपासून एका कायद्याला जोडलेलं होतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथली अण्वस्त्रं आणि अणुसामग्री सुरक्षित करण्यासाठी अमेरिकी पैसा वापरायची वाट करून देणारा १९९१ चा नन-लुगार कायदा. सरकारी पैशाला काय जमतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं, आणि कुठे अडतं हेही.

कुठे अडतं, ते बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेत दिसलं. तिथल्या जुन्या संशोधन अणुभट्टीसाठी आणलेलं ४८ किलो अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बच्या कामी येऊ शकेल असं, युरेनियम पडून होतं, सुमारे ८० टक्के समृद्धीचं. ते रशियाला परत न्यायला सगळे तयार होते. पण सर्बियाच्या लोकांचं म्हणणं असं की चांगला माल तेवढा उचलून नेणार आणि वापरलेल्या इंधनाचा कचरा आमच्या गळ्यात ठेवणार, हे चालायचं नाही. कचरा साफ करायला पैसे देण्याची अमेरिकी सरकारला कायद्याने मोकळीक नव्हती. ती फट एनटीआयने ५० लाख डॉलर देऊन बुजवली. २२ ऑगस्ट २००२ ला पहाटे बाराशे सशस्त्र जवानांच्या पहाऱ्यात, दिशाभूल करायला रिकामे ट्रक सोबत सोडून, तो माल विमानतळावर पोचला आणि तिथून रशियातल्या दिमित्रोव्हग्रादला गेला.

प्रतिष्ठानाचा पैसा तिथे सरकारी पैशाच्या बरोबरीने धावला नाही. जिथे सरकारचे हात बांधलेले होते, नेमक्या तेवढ्याच जागेत तो बसला. २००६ च्या देणगीचा मूळ विचार मला या विंचातच सापडतो.

तारापूरला काय झालं होतं

युरेनियमचा साठा हवाच कशाला? बाजारात पैसे मोजले की मिळतं की. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावायला फार लांब जावं लागत नाही. बोईसरला उतरून समुद्राच्या दिशेने गेलं की पुरतं.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. १९६३ च्या करारात अमेरिकेने तीस वर्षं समृद्ध युरेनियम पुरवायचं मान्य केलं होतं, आणि १९६९ मध्ये वीज सुरू झाली. मे १९७४ मध्ये पोखरण झालं. त्या स्फोटातलं प्लुटोनियम आलं होतं ट्रॉम्बेच्या सायरस या संशोधन भट्टीतून. तारापूरवर आयएईएची तपासणी चालू होती आणि तिथून काही गेलं नव्हतं. तरी १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. १९८० मध्ये कार्टर यांनी ३८ टनांची एक खेप पाठवायचं ठरवलं, तर सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी कशीबशी सुटली. त्यानंतर तो नळ आटलाच. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तडजोड झाली आणि अमेरिकेच्या जागी फ्रान्सने पुरवठा सुरू केला. पुढे चीनकडून आलं, मग रशियाकडून.

भट्टीत दोष नाही, पैसे थकलेले नाहीत, बाजारात माल आहे, आणि तरी इंधन नाही, कारण दिल्ली आणि वॉशिंग्टन यांचं बिनसलंय. आयएईएच्या भाषेत याला व्यापारी कारणाशिवाय झालेला पुरवठाभंग म्हणतात. ज्या देशाकडे स्वतःचा समृद्धीकरण कारखाना नाही, त्याने हे पाहून काय ठरवावं? की आपला कारखाना आपणच काढावा.

आणि घोडं तिथेच पेंड खातं. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा अंश, युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. तो वाढवणं म्हणजे समृद्धीकरण. वीजकेंद्राला तो ३ ते ५ टक्के लागतो, बॉम्बला ९० च्या आसपास. आकडे पाहून वाटतं की पाच टक्क्यांपासून नव्वद फार दूर आहे. प्रत्यक्षात सेंट्रिफ्यूजची, म्हणजे समृद्धीकरणाच्या फिरत्या यंत्रांची, बहुतेक मेहनत त्या पहिल्या चार-पाच टक्क्यांतच खर्ची पडते. पुढचा रस्ता उताराचा. म्हणजे विजेसाठी प्रामाणिकपणे काढलेला कारखानाही बॉम्बच्या वाटेवर निम्म्याहून पुढे पोचलेला असतो. एप्रिल २००६ मध्ये इराणने आपण युरेनियम समृद्ध केल्याचं जाहीर केलं, आणि पाच महिन्यांनी नन व्हिएन्नात उभे होते. सगळ्यांना खात्रीचं इंधन मिळालं, तर नवे कारखाने काढायचं कारणच उरणार नाही, असा हा हिशेब.

कल्पना काही त्यांची नव्हती. आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अणुसामग्रीच्या बँकेची गोष्ट केली होती. आयएईएच्या १९५७ च्या घटनेतही देशांनी संस्थेकडे अशी सामग्री ठेवण्याची तरतूद होती. पन्नास वर्षं ती कागदावरच राहिली. महासंचालक मोहम्मद अल-बरादेई बरीच वर्षं तिच्या मागे होते, पण सुरुवातीचा पैसा कोण घालणार, इथे बोलणं थांबायचं.

पैशाची अट

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने जवळपास ५ कोटी डॉलर मंजूर केले. नॉर्वेने ५० लाख दिले. संयुक्त अरब अमिरातीने १ कोटी, युरोपीय संघाने अडीच कोटी युरोपर्यंतचा वायदा केला. तरी सप्टेंबर २००८ ची मुदत टळली, आणि एनटीआयने ती वाढवून दिली. मार्च २००९ मध्ये कुवेतने १ कोटी दिले आणि आकडा भरला.

या यादीत मला कुवेत आणि अमिराती सगळ्यांत बोलके वाटतात. दोघेही त्या वेळी अणुवीज घ्यायच्या बेतात होते, म्हणजे बँकेचे संभाव्य गिऱ्हाईक. अमिरातीने तर समृद्धीकरण करणार नाही असं २००९ मध्ये अमेरिकेला करारात लिहून दिलं आणि बराकाचं केंद्र उभं केलं. कुवेतने फुकुशिमानंतर अणुविजेचा नादच सोडला. पैसे मात्र खात्यात राहिले. नॉर्वेकडे तर अणुवीजकेंद्र कधी नव्हतंच.

कुणी म्हणेल, १५ कोटी डॉलर म्हणजे काय मोठं? अमेरिकी सरकारने हे पैसे एकट्याने सहज टाकले असते. टाकले असते, पण मग ती अमेरिकेची बँक झाली असती, आणि कुवेतने तिच्यात पैसे घातले नसते. एका खासगी संस्थेने पहिला तिसरा हिस्सा ठेवला, म्हणून बाकीच्यांना त्याच टेबलावर आपला हिस्सा मांडता आला. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारात पाटलाने सगळे पैसे दिले तर देऊळ पाटलाचं होतं. हे ज्याने वर्गणीची पावतीपुस्तकं हाताळली आहेत त्याला वेगळं सांगायला नको.

मनाची अट

पैसे जमले, आता आयएईएच्या नियामक मंडळाची मंजुरी तेवढी घ्यायची, असं मार्च २००९ मध्ये वाटत होतं. जूनमध्ये पस्तीस सदस्यांच्या मंडळापुढे विषय आला आणि विकसनशील देशांनी हात आखडता घेतला.

त्यांची शंका अगदी सरळ होती. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या चौथ्या कलमात शांततेसाठी अणुऊर्जा वापरायचा हक्क हिरावता न येणारा म्हटला आहे. आज तुम्ही ‘इंधन आम्ही देतो’ म्हणता. उद्या ‘इंधन मिळतंय ना, मग कारखाना कशाला’ म्हणाल. आणि परवा कारखाना काढणाऱ्याकडे संशयाने बघाल. या शंकेला आधार खुद्द देणगीच्या मूळ मांडणीत होता. परक्या इंधनावर चालायचं ज्यांनी स्वतःहून ठरवलं आहे आणि म्हणून ज्यांच्याकडे स्वतःचं समृद्धीकरण नाही, अशा देशांसाठी हा शेवटचा आधार, असं नन यांनी २००६ मध्ये मांडलं होतं. त्यांनी ते सार्वभौम निवड या अर्थी म्हटलं. ब्राझीलने मात्र आपलं समृद्धीकरण स्वतः उभं केलेलं, आणि अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिका याही जुन्या जाणत्या. त्यांच्या कानाला ते पहिलं पाऊल वाटलं.

दरम्यान रशियाने स्वतःच्या खर्चाने अंगार्स्कला १२० टनांचा साठा ठेवायचं पुढे आणलं आणि मार्च २०१० मध्ये आयएईएशी करारही करून टाकला. धर्मादाय पैसा नाही, वर्गणी नाही. पण माल रशियाच्या भूमीवर, रशियाच्या मालकीचा. तुलनेला समोर असं उदाहरण आल्यावर संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या साठ्याचं वेगळेपण उठून दिसलं, असं माझं मत.

एनटीआयने मुदत पुन्हा वाढवली. अल-बरादेई निवृत्त झाले, युकिया अमानो आले. अखेर ३ डिसेंबर २०१० ला मतदान झालं. २८ बाजूने, विरोधात कुणी नाही, सहा तटस्थ. तटस्थांत ब्राझील, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका होतेच. पण मंजूर झालेल्या मसुद्यात समृद्धीकरण सोडण्याची अट नव्हती, आणि कुणाच्या हक्कावर गदा येणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

देणगीदाराच्या हेतूतला एक महत्त्वाचा धागा इथे गळून पडला. एनटीआय अडून बसली असती तर? पत्र त्यांच्या बाजूचं होतं, मुदत टळली होती, पैसे परत घ्यायला कुणी अडवलं नसतं. पुन्हा पुन्हा मुदत वाढवून त्यांनी आपल्याच अटीला वाकवलं. माझ्या धंद्यात असा देणगीदार विरळा. एका मोठ्या संस्थेने आम्हाला एकदा तिमाही अहवाल अकरा दिवस उशिरा गेला म्हणून पुढचा हप्ता थांबवला होता, तेव्हा विहिरीचं काम अर्ध्यावर होतं आणि वर पाऊस तोंडाशी आलेला.

ओस्केमेन

साठा कुठे ठेवायचा? कझाकस्तान पुढे आला. या देशाला अणूचं वेगळं सांगायला नको. सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर १९४९ ते १९८९ या काळात सोव्हिएत संघाने साडेचारशेहून जास्त अणुस्फोट केले. २९ ऑगस्ट १९९१ ला ते मैदान बंद झालं. आज जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम याच देशाच्या खाणींतून निघतं.

जागा ठरली इर्तिश नदीकाठच्या ओस्केमेन शहरातला उल्बा धातू कारखाना. रशियन नाव उस्त-कामेनोगोर्स्क. नन यांच्या दृष्टीने ही जागा नवी नव्हती. १९९४ मध्ये याच उल्बात जवळपास ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम साध्या कुलपाकिल्लीच्या भरवशावर पडलेलं सापडलं. अमेरिकी तज्ज्ञांच्या तुकडीने काही आठवडे बारा-बारा तास खपून ते डब्यांत भरलं. सी-५ या लष्करी मालवाहू विमानांतून ते अमेरिकेतल्या डोव्हरच्या तळावर आणि तिथून ट्रकने टेनेसीतल्या ओक रिजला नेलं. नन-लुगार कायद्याखालचं हे सगळ्यांत गाजलेलं काम. ज्या आवारातून बॉम्बच्या तोडीचा माल काढून नेला, त्याच आवारात पंचवीस वर्षांनी वीजकेंद्राचा माल आणून ठेवायचा होता.

शहरातल्या लोकांना हे गोड वाटलं असेल असं समजायचं कारण नाही. १९९० मध्ये याच कारखान्यात बेरिलियम या विषारी धातूच्या विभागात स्फोट झाला होता, आणि शहरावर ढग पसरला होता. वर हा भाग भूकंपाचा. यजमान करार २७ ऑगस्ट २०१५ ला झाला, नवी इमारत बांधली गेली, आणि २९ ऑगस्ट २०१७ ला तिचं उद्घाटन झालं.

इमारत म्हणजे साधं गोदाम, ८८० चौरस मीटरचं. त्यात आडवे ठेवलेले पोलादी सिलिंडर. प्रत्येक दोन मीटरहून थोडा लांब, व्यास तीस इंच, आत सव्वादोन टनांच्या आसपास युरेनियम हेक्झाफ्लोराइड. नेहमीच्या तापमानाला ते पांढरट घन असतं. ५६ अंशांच्या वर गेलं की थेट वाफ होतं आणि ओलावा लागला की विषारी. म्हणून गोदामात किरणोत्सारापेक्षा या रसायनाचीच काळजी जास्त. १७ ऑक्टोबर २०१९ ला फ्रान्सच्या ओरानो कंपनीकडून ३२ सिलिंडर आले, जहाजाने रशियाला आणि पुढे रेल्वेने. डिसेंबरमध्ये कझाटोमप्रॉम या कझाकस्तानच्याच कंपनीचे २८. एकूण साठ सिलिंडर, आतलं नुसतं युरेनियम धरलं तर सुमारे ९० टन. हजार मेगावॉटच्या एका भट्टीत एकदा पूर्ण इंधन भरायला पुरेल इतकं. जाहीर झाल्यापासून तेरा वर्षं लागली.

खात्यातून काढणार कोण

आजवर कुणीही मागणी केलेली नाही. नियम असे: पुरवठा राजकीय कारणाने तुटलेला हवा, बाजारात किंवा दुसऱ्या देशाकडूनही मिळत नसल्याचं दिसायला हवं, पैसे आधी भरायचे बाजारभावाने, आणि त्या पैशातून साठा पुन्हा भरला जाईल. आणखी एक: देशाने आपल्या सगळ्या शांततामय अणुप्रकल्पांना लागू होणारा सर्वंकष तपासणी करार केलेला हवा.

इथे मी वाचता वाचता थांबलो. भारताचा आयएईएशी असलेला करार सर्वंकष नाही, तो ठरावीक प्रकल्पांपुरता आहे. म्हणजे तारापूरवर जे गुदरलं ते या बँकेच्या व्याख्येत अगदी चपखल बसतं, आणि तरीही तारापूरला इथून एक किलो मिळालं नसतं. १९७८ च्या अमेरिकी कायद्याची जी अट होती, तीच वेगळ्या कागदावर इथे आली आहे. आयएईएला दुसरं काही करणं शक्य होतं असं मला वाटत नाही. पण संरक्षण ज्यांना मिळतं ते बहुतांशी आधीच नियमात बसणारे देश आहेत, आणि त्यांचा पुरवठा तुटण्याची शक्यता मुळातच कमी, हे तितकंच खरं.

म्हणून वापर शून्य आहे याला मी दोष धरत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हेक्झाफ्लोराइड हे पीठ आहे, पोळी नाही. त्याचं आधी ऑक्साइड करायचं, त्याच्या गोळ्या दाबायच्या, त्या धातूच्या नळ्यांत भरायच्या, आणि नळ्यांचे जुडगे त्या-त्या भट्टीच्या मापाने बांधायचे. तारापूरसाठी हे हैदराबादच्या इंधन संकुलात होतं. ज्या देशाकडे स्वतःचा कारखाना नाही, त्याला ओस्केमेनचे सिलिंडर घेऊन जुडगे बांधणाऱ्याच्या दारात जावं लागणार, आणि बऱ्याच भट्ट्यांसाठी असा कारखानदार जगात एक किंवा दोनच.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं. मार्चच्या पहिल्या तारखेला एक रशियन मालवाहू विमान खास परवानगी घेऊन स्लोव्हाकियात उतरलं. त्यात तिथल्या सोव्हिएत घडणीच्या अणुभट्ट्यांसाठी इंधन होतं, तयार जुडगे. तेव्हा ओस्केमेनच्या गोदामात साठ सिलिंडर भरलेले होते, आणि स्लोव्हाकियाला त्यांचा काही उपयोग नव्हता. त्या गोदामात समुद्रमार्गे माल न्यायचा-आणायचा तर आयएईएने दोनच देशांशी वाहतुकीचे करार करून ठेवले आहेत: एक चीन, आणि दुसरा रशिया.